विधिमंडळाची समिती जिल्ह्यात येते तेव्हा पावती कुणाच्या नावावर फाटते?

कोकणातल्या एका खाडीकाठच्या ग्रामपंचायतीच्या सदस्य ताईंचा प्रश्न असा आहे. विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्यात येणार म्हणून वरून तोंडी निरोप आला की प्रत्येक ग्रामपंचायतीने ‘व्यवस्थेला हातभार’ लावावा. ग्रामपंचायत अधिकारी गप्प आहेत आणि सरपंच म्हणतात, देऊन टाकू, उगाच वाईटपणा कशाला? ताई विचारतात: या समित्यांना सरकार पैसे देत नाही का? देत असेल, तर त्यांच्या खर्चाचा हिशोब कोण घेतं?

ताई, आधी सरळ उत्तर. द्यायचे नाहीत. ग्रामनिधीतला एक रुपयासुद्धा या कामासाठी काढता येत नाही. मागणारा लेखी मागत नाही, यातच काय ते समजून घ्या. वित्त आयोगाच्या निधीला तर हात लावायचा प्रश्नच नाही. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर निरोप आणणारा बदली होऊन तिसऱ्या तालुक्यात गेलेला असतो आणि वसुली सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या नावावर लागते.

आता सविस्तर. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात गेली, सहायक लेखा अधिकारी म्हणून निवृत्त झालो. पीआरसी, म्हणजे पंचायती राज समिती, येणार म्हटलं की आमच्याकडे रजा बंद व्हायच्या, त्यामुळे हा विषय मी टेबलाच्या अलीकडून पाहिला आहे.

समितीला स्वतःची तिजोरी नसते, हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं करा. लोकलेखा समिती, अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती, पंचायती राज समिती, रोजगार हमी योजना समिती, आश्वासन समिती, अनुसूचित जाती आणि जमाती कल्याण समित्या, महिलांचे हक्क व कल्याण समिती यांतल्या एकीचंही बँकेत खातं नाही, चेकबुक नाही. समितीप्रमुख कितीही वजनदार नेता असला तरी शंभर रुपयांचं बिल मंजूर करायचा अधिकार त्याला नसतो. पैसा असतो विधानमंडळ सचिवालयाकडे. हे सचिवालय मंत्रालयातल्या कुठल्या खात्याच्या हाताखाली येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 187 ने राज्य विधानमंडळाला स्वतःचा स्वतंत्र कर्मचारीवर्ग दिलेला आहे, आणि तो असायलाच हवा. ज्यांचे हिशोब तपासायचे त्यांच्याच कारकुनावर समिती अवलंबून राहिली, तर तपासणी कसली व्हायची? समितीचे अवर सचिव, कक्ष अधिकारी, साक्ष टिपून घेणारे प्रतिवेदक हे सगळे सचिवालयाचे पगारी लोक.

सचिवालयाचा पैसा येतो राज्याच्या अर्थसंकल्पातून, इतर खात्यांसारखाच. मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, क्रमांक 2011, संसद व राज्य विधानमंडळे. त्यात दोन रंग असतात, भारित आणि दत्तमत. विधानसभेचे अध्यक्ष व उपाध्यक्ष, विधान परिषदेचे सभापती व उपसभापती यांचे पगार-भत्ते अनुच्छेद 202(3) प्रमाणे भारित आहेत. त्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. बाकी आमदारांचे भत्ते, सचिवालयाचा पगार, प्रवास, कार्यालयीन खर्च हे दत्तमत, म्हणजे सभागृहाने मत देऊन मंजूर करायचे. आमदारांना समितीच्या बैठकीसाठी नि दौऱ्यासाठी मिळणारा प्रवासभत्ता आणि दैनिक भत्ता 1956 च्या वेतन व भत्ते कायद्यातून येतो. तो हक्काचा आहे, त्यात लपवाछपवी काही नाही.

दौरा संपला की सदस्य आपलं टी.ए., म्हणजे प्रवासभत्त्याचं, बिल सचिवालयात देतो. तिथला आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे पैसे काढून वाटणारा अधिकारी, ते तपासून पुढे पाठवतो. मुंबईत आपल्यासारखं जिल्हा कोषागार नाही, तिथे अधिदान व लेखा कार्यालय आहे, ते बिल पारित करतं. त्यापुढे महालेखापालांकडे हिशोब जातो आणि वर्षअखेर विनियोजन लेख्यात मंजूर किती, खर्च किती, हे छापून येतं. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला असेल तर तो अनुच्छेद 205 खाली सभागृहाकडून नियमित करून घ्यावा लागतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 1971 च्या कायद्याचं कलम 13 राज्याच्या एकत्रित निधीतून होणाऱ्या सगळ्या खर्चाला लागू आहे आणि विधानमंडळ त्यातून सुटलेलं नाही. अमुक आमदाराला प्रवासभत्ता दोनदा मिळाला का, हे शोधायची यंत्रणा आहे आणि ती चालते.

इथपर्यंत सगळं ठीक. गडबड दोन ठिकाणी आहे.

पहिली गडबड कागदावरची. हा खर्च लेखाशीर्षाप्रमाणे मांडलेला असतो: पगार इतका, देशांतर्गत प्रवास इतका, कार्यालयीन खर्च इतका. कुठल्या समितीने वर्षभरात किती दौरे काढले, एका दौऱ्याला किती आले, त्या दौऱ्यातून कुठला अहवाल निघाला, हे एकत्र वाचायला मिळत नाही. समितीचा अहवाल सभागृहाच्या पटलावर येतो. त्यात साक्षी असतात, शिफारशी असतात, खात्याने तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं असं म्हटलेलं असतं. त्या अहवालासाठी सरकारने किती मोजले, ही ओळ मी तरी वाचलेली नाही. सचिवालयाची मागणी सभागृहात मंजूर होताना कोण उठून बोलणार? मागणी आपलीच, मत देणारे आपणच. सत्ताधारी आणि विरोधक एरवी कशावरही भांडतील, यावर नाही.

विलायतेत हे निराळ्या रीतीने चालतं. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये प्रत्येक समितीने सत्रात कुठे भेटी दिल्या, कशासाठी दिल्या आणि प्रत्येक भेटीला किती खर्च आला, हे छापून प्रसिद्ध होतं. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात तर प्रत्येक समितीला दोन वर्षांचं आपलं बजेट घेऊन दुसऱ्या एका समितीपुढे उभं राहावं लागतं, मग सभागृह ठराव करून रक्कम बांधून देतं, आणि दर तीन महिन्यांनी खर्चाचं पुस्तक निघतं, त्यात कुणाला किती पैसे दिले ते नावानिशी असतं. तिकडची राजकीय माणसं काही धुतल्या तांदळासारखी नाहीत. पण समितीनुसार आकडा छापून येतो म्हटल्यावर दौरा आखणारा दोनदा विचार करतो, एवढा फरक पडतो.

दुसरी गडबड मात्र खरी दुखरी, आणि तुमचा प्रश्न तिथलाच आहे. समिती आली की यजमान जिल्ह्याचा जो खर्च होतो तो विधानमंडळाच्या हिशोबात येतच नाही.

दौऱ्याचं पत्र येतं विधान भवनातून. तारखा, सदस्यांची नावं, कार्यक्रम: पहिल्या दिवशी जिल्हा परिषदेच्या लेखापरीक्षण अहवालातल्या परिच्छेदांवर, म्हणजे आक्षेपांवर, साक्ष, दुसऱ्या दिवशी पंचायत समित्या, शाळा, आरोग्य केंद्रं, पाणी योजना यांना भेटी, तिसऱ्या दिवशी पुन्हा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष. निवास आणि वाहनांची व्यवस्था करावी, असं एक वाक्य असतं. ते वाक्य साधं आहे, गैर काही नाही. पंचवीसेक माणसं मुंबईहून येणार, तर झोपणार कुठे आणि फिरणार कशात? शासकीय विश्रामगृह आहे, शासकीय गाड्या आहेत.

पुढचं सगळं त्या पत्रात नसतं. ते एका बैठकीत ठरतं, ज्या बैठकीचं इतिवृत्त निघत नाही. बांधकामने गाड्या बघायच्या, शिक्षणने एक रात्रीचं जेवण, आरोग्यने दुसरं, पाणीपुरवठ्याने विश्रामगृहातली किरकोळ व्यवस्था, महिला व बालकल्याणने पुष्पगुच्छ नि सत्कार. प्रत्येक सदस्यामागे एक संपर्क अधिकारी. साहेबांना उकड्या तांदळाचा भात लागतो की सुरय तांदळाचा, मासे चालतात की गुरुवार आहे, सकाळी पोहे की घावणे, हे सगळं त्याने बघायचं. यांतली निम्मी काळजी समितीने मागितलेली नसते, हेही खरं. खालची माणसं घाबरून दोन घास जास्तच वाढतात. परिच्छेद जेवढे वाईट तेवढं ताट मोठं.

मग ते खर्च वह्यांत कसे शिरतात, हे सांगतो. एका कार्यालयात मी एक प्रमाणक, म्हणजे खर्चाचं व्हाउचर, पाहिलं होतं. ‘प्रशिक्षणार्थींसाठी शाकाहारी भोजन, साठ व्यक्ती’, बिल किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचं, आणि तारीख समितीच्या मुक्कामाची. प्रशिक्षणाचं हजेरीपत्रक जोडलेलं नव्हतं, कारण प्रशिक्षण झालंच नव्हतं. साठ माणसं समुद्रावरच्या हॉटेलात जाऊन निमूट शाकाहारी जेवली, यावर कोकणात कोण विश्वास ठेवील? पण कागद कागदाला जुळत होता, जीएसटी क्रमांक होता, सही होती. असेच खर्च चहापान, छपाई, सभाखर्च, मंडप, इंधन, किरकोळ आकस्मिक खर्च अशा नावांनी दहा ठिकाणी वाटले जातात. कुठलीही एक रक्कम डोळ्यांत भरत नाही, आणि ती भरू नये म्हणूनच वाटणी केलेली असते.

खोटं बोलत नाही ते गाडीचं लॉगबुक. ड्रायव्हर बिचारा इमानदार असतो, शिवाय त्याला डिझेलचा मेळ लावायचा असतो. कुठून कुठे, किती वाजता, किती किलोमीटर, कशासाठी, हे तो लिहितो, शेवटच्या रकान्यात अधिकाऱ्याची सही घेतो. साक्ष दुपारी दोनला संपली आणि तीन गाड्या चारच्या सुमारास आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला गेल्या, कारण ‘क्षेत्रभेट’, असं वाचलं की पुढचं विचारायला नको. देवदर्शनाला माझी हरकत नाही, कोकणात आलेल्या माणसाने पुळ्याला जावंच. स्वतःच्या पैशाने जावं, एवढंच.

आणि एक आंब्याची गोष्ट आहे. एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या दौऱ्यांना सदस्यांची हजेरी चांगली भरते, अशी आमच्या कार्यालयात थट्टा चालायची. खरं तर समितीने मे महिन्यातच यावं असं माझं मत आहे, आणि ते हापूससाठी नव्हे. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात वाडीवर टँकर का लागतो, आणि पूर्ण झालेल्या म्हणून दाखवलेल्या नळपाणी योजनेच्या विहिरीला पाणी का नाही, हे समितीने तेव्हाच येऊन बघायला पाहिजे. ऑगस्टमध्ये सगळ्याच योजना यशस्वी असतात. पेट्यांचं म्हणाल तर निघताना डिकीत काय ठेवलं जातं ते कुठल्याच लॉगबुकात नसतं. लोकसभेच्या समित्यांसाठी याबाबत आचाराचे संकेत घालून दिलेले आहेत: महागड्या भेटी घ्यायच्या नाहीत, संस्थेची आठवण म्हणून एखादी साधी वस्तू चालेल. लोकसभेच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे. समितीची बैठक संसदेच्या आवाराबाहेर घ्यायची तर विषय अध्यक्षांकडे न्यावा लागतो, म्हणजे समितीने उठावं आणि कुठेही जाऊन बसावं असं नाही. दौऱ्याला परवानगी देणारा कुणीतरी असतोच, आणि माहिती मागताना तोच कागद पहिला मागायचा.

यातलं सर्वांत विचित्र वळण पंचायती राज समितीच्या बाबतीत आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत यांचे हिशोब स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो, 1930 च्या कायद्याखाली. त्यांनी काढलेले गंभीर परिच्छेद शेवटी पंचायती राज समितीपुढे येतात. आता समजा, एखाद्या नेटाच्या लेखापरीक्षकाने लिहिलं की अमुक तारखांना झालेला भोजनखर्च अनियमित आहे, 1968 च्या लेखा संहितेप्रमाणे पूर्वमंजुरी नाही, तपशील जुळत नाही. हा परिच्छेद सुनावणीला कुणापुढे येणार? जे जेवून गेले त्यांच्यापुढे. तीन-चार वर्षांनी समितीत माणसं दुसरी असतील, पण समिती तीच. म्हणून असे परिच्छेद सहसा निघत नाहीत, आणि निघाले तर ‘अभिलेख सादर केल्याने वगळण्यात येत आहे’ या एका ओळीत संपतात. सकाळी ज्या अधिकाऱ्याला पूर्वमंजुरी का घेतली नाही म्हणून उभं करून झापायचं, त्यानेच पूर्वमंजुरीशिवाय घातलेलं जेवण रात्री जेवायचं. यात व्यक्ती कितीही चांगली असो, प्रश्नाची धार बोथट होतेच.

वरच्या पातळीवरही तसंच वर्तुळ आहे. महालेखापरीक्षकांचा अहवाल अनुच्छेद 151 प्रमाणे राज्यपालांमार्फत विधानमंडळात येतो आणि लोकलेखा समितीकडे जातो. सचिवालयाच्याच खर्चावर त्यात काही निघालं, तर ते तपासणाऱ्या समितीचे कर्मचारी सचिवालयाचेच. शिवाय सभागृहाच्या कामकाजात न्यायालयांनीही शिरायचं नाही, हे अनुच्छेद 212 सांगतो. हे कवच कामकाजासाठी आहे, जेवणाच्या बिलांसाठी नाही, पण प्रत्यक्षात दोन्हींवर एकच चादर घातली जाते.

पूर्वी जिल्हा परिषदेत निदान एक खिडकी उघडी असायची. दर महिन्याला अर्थ समिती, स्थायी समिती बसायची. सदस्य विरोधी पक्षाचा असेल तर आकस्मिक खर्चाची यादी मागायचा, कॅफोंना, म्हणजे मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांना, उत्तर द्यावं लागायचं. मार्च 2022 मध्ये सदस्यांची मुदत संपून प्रशासक बसले आणि ही खिडकी बंद झाली. खर्च करणारा तोच, मंजूर करणारा तोच, विषयपत्रिकेवर सही करणाराही तोच, असा काळ पुष्कळ लांबला.

वर्गणीचा प्रकार याहून वाईट, कारण ती कुठल्याच वहीत नसते. कर्मचाऱ्यांकडून, ठेकेदारांकडून, ग्रामपंचायतींकडून रोख गोळा होते. कोण किती देतं, त्यातलं किती जेवणावर जातं आणि किती मधल्यामधे राहतं, हे गोळा करणाऱ्याला आणि देवालाच ठाऊक. समितीच्या नावावर जमवलेल्या पैशातला रुपयासुद्धा समितीपर्यंत न पोहोचता संपल्याचीही उदाहरणं असतात, आणि बदनाम मात्र समिती होते. शासकीय सेवकांच्या वर्तणूक नियमांत पूर्वमंजुरीशिवाय वर्गणी जमवायला मनाई आहे. दौऱ्याभोवती रोकड फिरते अशी कुजबुज सगळीकडे असायची, मे 2025 मध्ये ती उघड्यावर आली. अंदाज समितीच्या धुळे दौऱ्यात तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या खोलीत सुमारे 1 कोटी 84 लाख रुपये रोख सापडले, विशेष तपास पथक नेमावं लागलं. ते पैसे कुणाचे आणि कशासाठी, ते तपासाने ठरवायचं. आपल्या मुद्द्यापुरतं एवढंच, की ती रक्कम अर्थसंकल्पाच्या कुठल्याही शीर्षात, कुठल्याही रोकडवहीत, कुठल्याही विनियोजन लेख्यात दिसली नसती. त्या खोलीला कुलूप लागलं आणि लोक दाराबाहेर बसून राहिले म्हणून दिसली.

मग या समित्या नकोतच का? अजिबात तसं नाही. पीआरसी येणार म्हटल्यावर आमच्याकडे वर्षानुवर्षं न मिटलेले अग्रिम, म्हणजे कामासाठी आगाऊ उचललेले पैसे, आठवड्यात वसूल झालेले मी पाहिले आहेत. साहित्य खरेदीची साठा नोंदवही, जी कुणी उघडत नसे, ती रातोरात नीट लिहिली गेली. बांधकामाची मोजमाप पुस्तकं सापडायला लागली. एकदा एका आमदारांनी औषधखरेदीच्या परिच्छेदावर असे लागोपाठ प्रश्न विचारले, की मुदत संपत आलेला साठा कुणी आणि का घेतला, हे भर सभागृहात बाहेर आलं. आम्ही वित्त विभागवाले दोन वर्षं टिपण्या लिहून जे करू शकलो नव्हतो, ते त्यांनी अर्ध्या तासात केलं. असा आमदार विश्रामगृहाच्या खानावळीत राईसप्लेट खाऊन गेला होता, हेही सांगायला हवं. जिल्ह्याच्या तिजोरीवर समितीइतका धाक दुसऱ्या कशाचा नाही. म्हणूनच तिचा खर्च सचिवालयाच्या मागणीतून, सगळाच्या सगळा, जेवणासकट व्हावा असं मला वाटतं. मुक्कामाला किती, गाड्यांना किती, जेवणाला किती, याचे दर आधी ठरवून रक्कम यजमान जिल्ह्याला वर्ग करा, आणि अहवालाच्या शेवटी एक परिशिष्ट छापा. राज्याच्या अर्थसंकल्पात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही इतकी लहान असेल. तेवढी मोजायची तयारी नाही, म्हणून हा भार तुमच्यासारख्या ग्रामपंचायतीच्या डोक्यावर येतो, जिची वर्षाची घरपट्टी कुणाच्या एका जेवणावळीत संपेल.

माहिती काढायची असेल तर एकाच अर्जात सगळं कोंबू नका. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज 150 शब्दांचा आणि एका विषयाचा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. ‘समितीवर एकूण किती खर्च झाला’ असं विचारलंत, तर ‘अशी माहिती संकलित स्वरूपात ठेवली जात नाही’ हे उत्तर तयारच आहे. त्यापेक्षा कागदाचं नाव घ्या. जिल्हा परिषदेकडे दौऱ्याच्या तारखांच्या आधीचे आणि नंतरचे पंधरा दिवस धरून आकस्मिक खर्चाची प्रमाणकं पाहायला मागा. प्रती मागण्यापेक्षा अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी मागितलेली बरी, कारण गठ्ठ्यात शेजारचा कागदही दिसतो. बांधकाम विभागाकडे विश्रामगृहाची आरक्षण नोंदवही आणि भाड्याच्या पावत्या मागा, ज्या ज्या विभागाच्या गाड्या होत्या त्यांच्याकडे लॉगबुकाची पानं. विधानमंडळ सचिवालयाकडे दौऱ्याच्या परवानगीचा कागद आणि त्या दौऱ्यापोटी पारित झालेली टी.ए. बिलं. सचिवालयासाठी माहिती अधिकार कायद्यात सक्षम प्राधिकारी अध्यक्ष आणि सभापती आहेत, त्यांचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा शुल्क आणि नमुना तिथून आधी विचारून घ्या. कलम 8(1)(ग) पुढे करून, विशेषाधिकाराचा भंग होईल, असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. समितीपुढची साक्ष आणि न मांडलेला अहवाल याबाबत ते म्हणणं रास्त आहे. डिझेलच्या बिलाला कसला आलाय विशेषाधिकार? अपिलात हे मांडायला लागेल, पण मांडता येतं.

आता तुमच्या गावापुरतं. निरोप आणणाऱ्याला एकच सांगा, पत्र द्या, मासिक सभेपुढे ठेवतो. बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. पत्र आलंच तर ते सभेत वाचा आणि ‘ग्रामनिधीतून असा खर्च अनुज्ञेय नसल्याने नामंजूर’ असा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. तुम्ही एकट्या पडलात तरी तुमचा विरोध नावासह नोंदवायला लावा. वसुली निघाली तर तीच नोंद तुम्हाला वाचवील. सरपंचांनी तरीही पैसे दिले असतील, तर नमुना 5 ची रोकडवही आणि नमुना 12 चं आकस्मिक खर्चाचं प्रमाणक बघा. सदस्य म्हणून पुढच्या सभेत ते मागायचा तुम्हाला अधिकार आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर चिडू नका, त्याच्या मानेवर सुरी दोन्हीकडून असते. तुमचा ठराव झाला की त्यालाही ‘सभा नको म्हणाली’ असं सांगायला तोंड मिळतं. धमकी आली किंवा रोख मागितली गेली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे.

आणि समिती येईल त्या दिवशी साक्षीच्या सभागृहाबाहेर उभ्या राहा. निवेदन द्यायला लोक येतातच, समितीप्रमुख ती घेतात. एका पानावर दोनच गोष्टी लिहा: तुमच्या वाडीच्या पाण्याचं काय झालं, आणि आपल्या समितीच्या नावाने ग्रामपंचायतींकडे असे असे पैसे मागितले गेले, याची समितीला कल्पना आहे का. प्रत समितीच्या अवर सचिवांकडे द्या, पुष्पगुच्छ धरून उभ्या असलेल्या माणसाकडे नको. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि सहीसकट.